माझ्याच पडवीत मी कोणाला दिसते?

मंडळी, आजच घडलेलं सांगते.

भाची विद्यापीठात संगणक सुरक्षा शिकते. तिथे यंत्रणा स्वतः फोडून मग ती राखायला शिकवतात. आज म्हणाली, "मावशी, तुझ्या घरावर सराव करू? हो म्हणालीस तरच हं."

"कर. म्हातारीकडे काय सापडणार तुला?"

चहा उकळेपर्यंत तिच्या लॅपटॉपवर मीच दिसले, सकाळी पडवीत केस विंचरताना. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मुलाने काळजीपोटी लावून घेतलेला कॅमेरा! पासवर्ड तिने नुसत्या अंदाजाने ओळखला.

कॅमेरा बसवणाऱ्याला फोनवर झापलं. तो हसत म्हणाला, "काकू, अख्ख्या आळीत तोच पासवर्ड ठेवलाय. विसरायला नको ना!"

आमच्या आळीत बहुतेक बायका एकट्याच राहतात. आजवर कोण कोण आम्हाला बघत बसलं असेल?

तुमच्या घरचा पासवर्ड कोणी ठेवलाय, माहीत आहे?