साबणानं धुतलेलं कोकरू

गंगू, आमच्या गोरेगाव खेड्यातून मला पुण्याला शिकायला घेऊन जाणारी जीप सुटायला आणि तू धावत यायला एकच गाठ पडली. तुझ्या हातात नवी घोंगडी होती. "घे, पुण्यात लई थंडी राहते म्हणं," म्हणालीस. शेजारी बसलेल्या पुण्याच्या मावशीनं नाकाला पदर लावला. मी घोंगडी खिडकीतून परत केली आणि म्हणाले, "नको, वास येतो." मी बारा वर्षांची होते, पण काय बोलतेय ते मला चांगलं कळत होतं.

पीक निघालं की बाबा दरवर्षी तुम्हाला बोलावून आणायचे. तुमच्या मेंढ्या रात्री आमच्या वावरात बसायच्या आणि त्यांच्या लेंड्यांच्या खतावर आमची ज्वारी तरारायची. आईला ती ज्वारी चालायची. तू मात्र उंबऱ्याच्या आत चालायची नाहीस. "मेंढरावाल्याची पोरगी, घरभर वास करंल," आई म्हणायची. तुझा चहा अंगणातच.

यावर मी माझ्या अकलेनं तोड काढली. आधी कोकरू धुवायचं, ते आईला चाललं की मग तुला. पाहुण्यांसाठी ठेवलेला साबण मी चार दिवसांच्या कोकरावर संपवला, वर पावडरचा डबा रिकामा केला. कोकरू नवरदेवासारखं उंबरा ओलांडून वसरीत शिरलं आणि आई चक्क हसली! मी जग जिंकलं होतं.

संध्याकाळी कोकरू मेंढीजवळ नेलं. तिनं हुंगलं आणि ढुशी मारून लोटून दिलं. ते पुन्हा गेलं, तिनं पुन्हा लोटलं. ते भुकेनं ओरडायला लागलं तशी मी रडायला लागले. तू आधी पोट धरून हसलीस, मग माझ्या पाठीत धपाटा घातलास. "येडे, वास काहून घालवला? वासावरच तर माय वळखते लेकराला!"

मेंढीचं दूध काढून तू कोकराच्या अंगभर चोळलंस आणि तिचा पाय धरून बसून राहिलीस. अंधार पडता पडता ते प्यायला लागलं. मग म्हणालीस, "मला नको धुऊ बरं. माही माय बी मला ढुशी मारंल."

आता माझ्या फ्लॅटमध्ये दाराशीच सुगंधी फवारा असतो. गावाकडून आलेल्या गोधडीला वास येतो म्हणून मुलं ती अंगावर घेत नाहीत. त्यांना रागवायला माझी जीभ उचलत नाही.

गेल्या हिवाळ्यात आईच्या वर्षश्राद्धाला आले, तेव्हा तुमच्या मेंढ्या आमच्याच वावरात होत्या. मी चालत आले. मला पाहून तू उठलीस, डोक्यावर पदर घेतलास. आता 'येडे' म्हणशील असं मला वाटलं. तू मेंढ्यांपासून लांब एक धुतलेलं पोतं अंथरलंस.

"ताई, तुमी इकडं बसा. इकडं वास न्हाई येणार."

तीस वर्षं घोकलेली माफी मागायची सोडून मी तुला पाऊसपाणी विचारलं, लेकरं किती ते विचारलं. तू उभ्यानंच उत्तरं दिलीस. परतताना मी बांधावर बसून रडले.

गाव तिथंच आहे गं, वावरही आहे. पण मला हक्कानं येडी म्हणणारं तिथं कोणी उरलं नाही, आणि माझं घर तेवढंच होतं. यंदा मेंढ्या बसतील तेव्हा मी घोंगडी मागायला येणार आहे. न धुतलेली दे. आणि देताना मला तुमी म्हणू नकोस.