आखाजीची बोहनी

झुलालच्या नाकाच्या शेंड्यावर राग असे, आणि नशिबाने त्याला चाकरी मिळाली ती सोडा-सरबताच्या दुकानात. जळगावात स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर छगनशेठचं दुकान होतं. येणारं जाणारं गिऱ्हाईक हटकून म्हणे, "झुलालभाऊ, थोडा बर्फ स्वतःच्या डोक्यावर ठेवत जा." हा विनोद झुलालला कधीच आवडला नाही. पाचोऱ्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. शेठशी बोलताना शहरी बोली सांभाळून बोलायचा, पण एकदा तळपायाची आग मस्तकात गेली की सरळ गावच्या बोलीत शिरायचा. तो गावच्या बोलीत शिरला की शेजारचा पानवाला आपल्या दुकानाची फळी निम्मी ओढून घ्यायचा.

पण त्याचा राग उगाच नसे. बाटलीच्या गळ्याला धूळ दिसली, गिऱ्हाइकाला उष्ट्या पेल्यात सरबत मिळालं, बर्फावरचा भुसा नीट न धुता कुणी तुकडा फोडला, की तो भडके. काम वाईट झालेलं त्याला बघवत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी छगनशेठने मुंबईत पाहून काचेचं थंड कपाट बनवून घेतलं, तेव्हा ते मांडायचं काम झुलालकडे आलं ते यामुळेच.

कपाट सागवानी होतं, आतून जस्ती पत्रा ठोकलेला. वरच्या खणात भुसावळहून पहाटेच्या गाडीने आलेली बर्फाची लादी, खाली काचेमागे तीन फळ्या, आणि वितळलेलं पाणी बादलीत पडायला मागे एक नळी. शेठने पहिल्या दिवशी हौसेने सगळं कोंबून ठेवलं होतं. तासाभरात काचेवर वाफ धरली आणि आतलं श्रीखंड दिसेनासं झालं. लोक आले, धुकटलेल्या काचेकडे बघून गेले. झुलालने दात-ओठ खात सगळं बाहेर काढलं आणि नव्याने मांडलं. आधी काचेला साबणाचा हात फिरवून ती कोरड्या फडक्याने पुसली, मग वाफ धरेना. गोळीच्या सोड्याच्या बाटल्या जड, त्या तळाशी. गुलाबाच्या सरबताच्या लाल बाटल्या मागे, आणि त्यांच्या पुढे, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशा फळीवर, श्रीखंडाच्या पांढऱ्या वाट्या. मागे लाल असलं की पांढरं अधिक पांढरं दिसतं. पुढच्या रांगेत तो एक वाटी मुद्दाम कमी ठेवी. भरगच्च रांगेला पहिला हात लावायला माणूस कचरतो. एक जागा मोकळी दिसली की त्याला वाटतं, आपल्या आधी कुणीतरी घेऊन गेलं, म्हणजे माल चांगला असणार. महिनाभरात श्रीखंड दुपटीने खपू लागलं. शेठ सगळ्यांना सांगत, कपाट आपण मुंबईहून डोक्यात आणलं.

श्रीखंडावरची चारोळी मात्र मुंबईची नव्हती. ती सातपुड्याची. फैजपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी राहणारी धनीबाई आणि तिचा नवरा वेस्ता जंगलातून चारोळी गोळा करत, फोडत, निवडत, आणि गाठोडं घेऊन जळगावला येत. दुकानाच्या पायरीखाली उभं राहून गाठोडं द्यायचं, तिथेच उभं राहून पैसे घ्यायचे. पाणी प्यायचं झालं तर बाहेर खिळ्याला टांगलेल्या डब्यातून. श्रीखंडाची वाटी त्यांनी काचेतून पाहिलेली होती. आपण निवडलेला दाणा आत कसा दिसतो तेवढंच त्यांना ठाऊक. झुलालला याचा राग येई, पण तेव्हा तो राग त्याने गिळलेला होता. चाकरी शेठची होती.

त्या वर्षी आखाजीच्या दिवशी शेठला नव्या कपाटाची थाटात सुरुवात करायची होती. महिनाभर विक्री चालूच होती, पण मुहूर्त राहिला होता. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला मोठा सण. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, आणि ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. शेठने ठरवलं, आज बोहनी गावातल्या एका बड्या वकिलाच्या हातून करायची. लोक त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांचा हात मोठा, त्यांनी पहिलं नाणं दिलं की वर्षभर गल्ला भरलेला राहील, असं शेठच्या मनाने घेतलं. बोहनीआधी दुकानातून काही बाहेर जाणार नाही. ना माल, ना उधारी, ना कुणाचा पैसा.

झुलालने पहाटेपासून कपाट मांडलं होतं. शेठच्या हुकमाने मधल्या फळीवर काचेसारखा स्वच्छ बर्फाचा मोठा चौकोन ठेवला, भोवती झेंडूची फुलं. रांग पूर्ण भरलेली, कारण मुहूर्ताला रिकामी जागा शेठला चालेना. झुलाल म्हणाला, रांग मोडलेली असू द्या. शेठ म्हणाले, आज तुझं शहाणपण नको.

रावसाहेब आले नाहीत. उन्हं चढली, बाहेर माणसं जमली, काचेला नाक लावून बर्फाकडे बघत उभी राहिली. आत बर्फ, बाहेर घाम. नळीतून पाणी बादलीत पडत होतं आणि पडताना ऐकू येत होतं. शेठने दोनदा माणूस पाठवला; रावसाहेब पूजेला बसलेत, एवढाच निरोप आला.

आणि मग धनीबाई आली. चारोळी तिने सकाळीच दिली होती. ती वाट्यांवर शिंपडूनही झाली होती. पैसे मात्र बोहनीनंतर, म्हणून ती थांबलेली. आता ती पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"सेठ, बरफना एक तुकडा दी द्या. मना माणूसले ऊन लागेल शे. तठे निंबना खाले पडेल शे. बोलत बी नही."

समोर टांग्यांच्या अड्ड्याजवळ निंबाचं झाड होतं. झुलालने मान लांब करून पाहिलं. वेस्ता उताणा पडला होता, एक पाय नुसताच हलत होता.

"बोहनी झाली की देतो," शेठ म्हणाले. "सावलीत बस जरा. आत्ता येतील रावसाहेब."

इथे झुलालही चुकला, हे सांगायला हवं. त्याच्याही हाडात बोहनीचा धाक बसलेला होता. लहानपणापासून त्याने हेच पाहिलं होतं, पहिलं नाणं गल्ल्यात पडायच्या आधी दुकानातून काडी हलत नाही. त्याला वाटलं, येतील रावसाहेब, एवढ्यात येतील. म्हणून तो काच पुसत राहिला. पुसायला काही नव्हतं, तरी पुसत राहिला. धनीबाई निंबाकडे जाई, ओला पदर वेस्ताच्या कपाळावर ठेवी आणि पुन्हा पायरीशी येई. डब्यातलं पाणी उन्हाने कढत झालं होतं.

शेवटी झुलाल गावच्या बोलीत शिरला. "शेठ, कव्हय येतीन तुमना रावसाहेब? बठ्ठा लोके उन्हमां तपी ऱ्हायनात. तो माणूस तठे मरी जाई."

"हळू बोल. सणाचा दिवस आहे."

धनीबाईने पदराची गाठ सोडली. तिच्यात एक नाणं होतं, तिचं स्वतःचं, घरून आणलेलं. ते तिने पायरीवर ठेवलं. "मंग मी करस बोहनी. हाऊ ल्या पैसा. माले फुकट नको."

शेठ दोन पावलं मागे सरले. "हिच्या हातचं पहिलं नाणं? नव्या कपाटाला? अरे, वर्षभर ओटीवर कुत्रं फिरकणार नाही." आणि त्यांनी पायाने ते नाणं पायरीवरून खाली लोटलं. पायाने.

झुलाल खाली उतरला. धुळीतलं नाणं उचललं, कपाळाला लावलं, कपाटाच्या काचेला लावलं आणि सगळ्यांदेखत गल्ल्यात टाकलं. टाकल्याचा आवाज बाहेरच्या गर्दीलाही आला.

"व्हयनी बोहनी," तो म्हणाला.

एकदा नाणं पडलं की पडलं. ते परत काढणारा दुकानदार खानदेशात अजून जन्मायचा होता. झुलालने कपाट उघडलं, फुलं बाजूला सारली आणि तो सजवलेला बर्फाचा चौकोन टोच्याने फोडला. मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून तो धनीबाईबरोबर निंबाकडे धावला. मागे काचेआड फोडलेला बर्फ, सरकलेल्या वाट्या, मोडलेली रांग. ती मोकळी जागा दिसताच गर्दीने फळी गाठली. जो तो पैसे पुढे करू लागला. शेठला ओरडायलाही सवड मिळाली नाही.

बर्फ वेस्ताच्या माथ्यावर, मानेखाली, काखेत ठेवला. त्याने एकदा डोळे उघडले, धनीबाईकडे पाहिलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. बर्फ उशिरा पोचला होता. किती उशिरा, ते झुलालला ठाऊक होतं. तो सकाळभर काच पुसत होता. धनीबाई रडली नाही. बर्फाचं राहिलेलं पाणी तिने ओंजळीत धरून वेस्ताच्या तोंडावरून फिरवलं आणि पदराने त्याचं तोंड झाकलं.

त्या दिवशी छगनशेठच्या दुकानात कधी झाली नव्हती एवढी विक्री झाली. रावसाहेब चार वाजता झोप काढून आले, श्रीखंड खाऊन गेले, पैसे कुणी मागितले नाहीत. शेठने झुलालला काढून टाकलं नाही. गल्ला भरला होता. झुलालही राहिला. घरात बायको मंजुळाबाई होती, खाणारी तोंडं होती, आणि बाहेर दुसरं काम नव्हतं. वर्षभर तो काच पुसत राहिला. धनीबाई चारोळी घेऊन पुन्हा आली नाही.

पुढची आखाजी आली. पहाटे झुलालने कपाट मांडलं, पुढच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवली. या वेळी शेठनी ती तशीच राहू दिली. ते खुशीत होते.

"झुलाल, ती चारोळीवाली कुठली रे? काल माणूस पाठवायला हवा होता. तिच्या हाताला बरकत आहे. मागच्या वर्षी बघितलंस ना? दर आखाजीला तिच्याच हातची बोहनी घेऊ."

"आत बोलवाल तिला?"

"आत कशाला? पायरीखालूनच देईल. पाणी शिंपडून घेऊ नाण्यावर."

झुलालच्या हातात साबणाचं फडकं होतं. ते तसंच राहिलं. "शेठ, त्या दिनले तिना माणूस मरी गया. वेस्ता. तठे, निंबना खाले."

छगनशेठने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

"कोण वेस्ता?"

लोकांना वाटत होतं, झुलाल एक दिवस शेठच्या अंगावर हात टाकेल. त्याने तसं काही केलं नाही. ओलं फडकं त्याने शेठच्या हातात दिलं, नीट बोटं मिटवून दिलं. "तुमीच पुसा आते," म्हणाला आणि पायरी उतरला. दुपारी काच धुकटली, आणि सणाच्या दिवशी आत काय मांडलंय ते रस्त्यावरच्या कुणाला दिसेना.

पुढे झुलालने बर्फाची हातगाडी लावली, त्याच निंबाखाली. राग तसाच होता. घासाघीस करून भाव पाडणाऱ्याला तो अजूनही फाडून खाई. फक्त एक गोष्ट त्याने उलटी केली. दिवसाचा पहिला तुकडा तो फुकट देई, जो आधी येईल त्याला, हमाल असो, टांगेवाला असो, डोंगरातली मोळीवाली असो. आणि कुणी आधी नाणं पुढे केलं तर खेकसे, "पैसा ऱ्हाऊ दे. पहिले हाऊ ले."

पानवाल्याने एकदा त्याला समजावलं, बोहनीआधी फुकट घालवलंस तर धंद्याला बरकत कशी येणार. झुलाल असा काही उसळला की पानवाल्याने सवयीने फळी ओढून घेतली. पण सकाळी कुणीच आलं नाही, तर पहिला तुकडा झुलाल निंबाच्या मुळाशी ठेवी, तो वितळू देई, आणि मगच गाडीवरचं गोणपाट काढी.