पायाखालची नावं

शिकायला परदेशात आल्यापासून कॅथीड्रल दिसलं की मी आत शिरते. त्या दुपारीही मान वर करून उंच छत बघत उभी होते. फरशी झाडणाऱ्या आजीबाई जवळ येऊन म्हणाल्या, "पोरी, तू एका बाईवर उभी आहेस."

खाली पाहिलं. पायाखाली नाव कोरलेलं होतं, झिजून अर्धंच उरलेलं. थडगं! मी चटकन वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. कुणाला पाय लागला की आपण करतो, तसं.

"अगं, मेल्यावर पुरायला ही पायाखालचीच जागा लोक मागून घ्यायचे," आजीबाई हसल्या.

मागून? आमच्याकडे साध्या पुस्तकाला पाय लागला तरी जीव चरकतो.

मी पाय उचलला. पण ठेवू कुठे? थेट दारापर्यंत एकही फरशी कोरी नव्हती.