बाईसाहेबांच्या दातांना तार

भावजी,

तुम्ही माणसाचा आधी जबडा बघता, मग चेहरा. दंतवैद्याची खोड आहे, चालायचंच. पण गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला दारातच "खालचा जबडा जरा पुढे आहे तुमचा" असं ऐकवणारा दीर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दवाखान्यात माणसांचे दात आणि घरामागच्या अंगणात लॅब्रॅडोर, असा तुमचा संसार. माझी धाकटी जाऊ म्हणते, त्यात बायको म्हणून तिचा नंबर तिसरा.

पिल्लू देण्याआधी तुम्ही समोरच्याचा जो छळ मांडायचात, तो मी डोळ्यांनी बघितला आहे. दिवसभर घरी कोण असतं, कुत्रं आजारी पडलं तर रजा कोण काढणार, जिने किती. एका गृहस्थाला मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून पिल्लू हवं होतं. त्याला चहा पाजून तुम्ही खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिलात. जावयाचीही आपण एवढी चौकशी केली नव्हती, असं धाकटी म्हणाली, तेव्हा तुमचं उत्तर तयार होतं. जावई नको झाला म्हणून कुणी आपल्या दारात आणून सोडत नाही, पिल्लू सोडतात. आणि सोडलेलं प्रत्येक पिल्लू तुम्ही घरात घेतलंत, हेही खरं.

मग बाईसाहेब जन्माला आल्या. तुम्ही इतकी वर्षं जपलेल्या वंशातली ही शेवटची कुत्री. तिला पिल्लं झाली तरच तो वंश पुढे जाणार होता. खुब्यांचे एक्स-रे स्वच्छ, डोळे स्वच्छ, स्वभाव असा की चोराला पाणी विचारतील. पण दुधाचे दात पडून पक्के आले आणि खालची रांग वरच्या रांगेच्या पुढे येऊन बसली. जातीच्या निकषांप्रमाणे वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसायला हवेत. निकष म्हणजे सौंदर्यस्पर्धा नव्हे, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलं होतंत. असा जबडा रक्तातून पुढे जातो आणि पुढच्या एखाद्या पिढीतल्या कुत्र्याला धड चावताही येत नाही. दुसऱ्या कुणाची कुत्री असती तर तुम्ही उभ्याउभ्या निकाल लावला असता.

दाढ ठणकत होती म्हणून मी सुट्टीच्या दिवशी न कळवता दवाखान्यात आले. बघते तर खुर्चीवर बाईसाहेब भुलीत झोपलेल्या, गळ्याखाली हिरवा रुमाल. भूल देणारे तुमचे जनावरांचे डॉक्टर मित्र खिडकीबाहेर बघत होते. धाकटी चिमटा धरून उभी. आणि तुम्ही कुत्रीच्या दातांना तार बसवत होतात. मान वर न करता म्हणालात, "वहिनी, पेशंट आहे. बाहेर बसा."

बसले. करते काय.

नंतर माझ्या तोंडात बोटं घालून तुम्ही मला समजावत राहिलात, की हे फक्त तिला नीट चावता यावं म्हणून आहे. बोलता येत नसलेल्या माणसाशी वाद घालायची तुमची जुनी सवय. बोटं निघाल्याबरोबर मी विचारलं, "पिल्लांनाही तार बसवणार का?"

तुम्ही मला चूळ भरायला सांगितलंत.

काही महिन्यांत दात असे बसले की मला हेवा वाटावा. जोडीसाठी ठरवलेल्या नराची मालकीण बघायला आली. निवृत्त मुख्याध्यापिका, अंगणातली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहावीत अशी. तिने बाईसाहेबांना चालवून बघितलं, एक्स-रे उजेडात धरले, शेवटी ओठ उचलला आणि बघतच राहिली. म्हणाली, "काय सुरेख दात आहेत. निसर्गाने मनावर घेतलं तर किती नेटकं काम करतो."

तुम्ही फक्त गप्प बसायचं, वंश वाचत होता. मी तुमच्याकडे बघत होते. कान लाल झाले तुमचे.

"निसर्ग कसला," तुम्ही म्हणालात, "ते माझं काम आहे."

धाकटीने कपाळाला हात लावला. तुमची विवेकबुद्धी जागी झाली की श्रेय निसर्गाला गेलेलं सहन झालं नाही, हे तुम्ही आजवर मला धड सांगितलेलं नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण निघालं ते खरंच निघालं, तेव्हा मी फार उकरत नाही. सोयरीक अर्थातच मोडली. मुख्याध्यापिका मात्र जाताना म्हणाली, की खोटं पचत नाही असा माणूस तिला चालतो. तिच्या स्वतःच्या कुत्रीला पिल्लं झाली की एक तुमच्यासाठी राखून ठेवेल.

बाईसाहेबांचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन तुम्ही स्वतः नेऊन करून आणलंत. गॅसवाल्याचा जबडाही सुटला त्या खेपेला.

पुढे पिल्लं झाल्याचा फोन आला. आपण दोघांनी जायचं ठरलं. निवड वहिनींनी करायची, म्हणालात, तुमचा स्वतःच्या नजरेवर विश्वास उरला नव्हता. एका रविवारी गाडीचं चाक बसलं. पुढच्या रविवारी कुणाची तरी कवळी तुटली. त्याच्या पुढच्या रविवारी मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, गुडघा ठणठणीत होता. तुमच्या दारापर्यंत मी आले होते, भावजी. बाईसाहेब तुमच्या पावलावर हनुवटी टेकून झोपल्या होत्या आणि तुम्ही पाय हलवत नव्हतात. तुम्हाला तिथून उठवणं जिवावर आलं, मी तशीच परत फिरले.

मुख्याध्यापिकेने वाट बघून ते पिल्लू दुसऱ्या घरी दिलं. तिच्याकडे आपण अजून गेलेलो नाही.