नाव घेऊन थांबणाऱ्या मॅडम

गणपतीच्या आधीची गोष्ट. पेणच्या आमच्या शाळेत मी नववीच्या वर्गावर निघाले होते, तेवढ्यात रोह्याच्या कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. "वैद्य मॅडम गेल्या गं… झोपेतच." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. घंटा झाली होती. मी वर्गात गेले.

मॅडम आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. धरमतरच्या खाडीकाठच्या आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तीही शिष्यवृत्तीच्या जोरावर. बारावीला चांगले गुण मिळाले म्हणून ती मिळाली, आता ती पदवीपर्यंत चालणार, असंच घरात सगळे धरून होते. दरवर्षी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, सगळ्या विषयांत पास व्हावं लागतं, हे आम्हाला सांगणार कोण? दुसऱ्या वर्षी गणपतीचा सीझन सुरू झाला तशी मी आईबरोबर पेणला मूर्तींच्या कारखान्यात बसले. आई मूर्ती घासायची, मी दागिन्यांना सोनेरी रंग द्यायचे. रोह्याला जाणं सुटलंच.

मॅडम हजेरीला नंबर नाही, नाव घ्यायच्या. उत्तर आलं नाही तरी लगेच पुढे जायच्या नाहीत. दाराकडे बघत जरा थांबायच्या. माझ्या नावाला त्या रोज थांबत होत्या म्हणे… मग एका रविवारी एसटीने थेट कारखान्यातच आल्या.

कारखानदार काका लगबगीने पुढे झाले. "या मॅडम. केवढी मूर्ती पायजे?"

"मूर्ती नको. ही मुलगी पाहिजे."

"आता? गणपती थांबत नाय ओ मॅडम."

"शिष्यवृत्तीही थांबत नाही. हजेरी भरली नाही तर हिचं कॉलेज इथेच संपलं."

आई हातातली मूर्ती ठेवून उठली. "मग लावून टाका ना बाई हजेरी. तुमच्याच हातात हाय."

मॅडम रागावल्या नाहीत. "लावली समजा. पण नापास झाली तरी पैसे बंदच. पेपरात काय लिहील ती?"

आई काकांकडे वळून म्हणाली, "ती जाईल कालेजात. तिचं काम मी वढीन."

बुडालेले तास आणि प्रॅक्टिकल मॅडमनी प्राचार्यांना विचारून कॉलेज सुटल्यावर घेतले. वर्गात मी एकटी, तरी त्या आधी नाव घ्यायच्या. "सविता?" समोरच बसलेली मी म्हणायचे, "हजर मॅडम," आणि दोघींना हसू यायचं. हजेरी कशीबशी भरली. सगळ्या विषयांत पास झाले. पदवीचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आईला दिलास ना आधी?"

फोन आला त्या दिवशी नववीच्या वर्गात मी हजेरी घ्यायला लागले. सीझनच होता, मागचे बाक रिकामे होते. एका मुलीच्या नावाला उत्तर आलं नाही, तशी मी सवयीने थांबले. जरा जास्तच थांबले असेन… कारण हळूहळू सगळा वर्गच माझ्याबरोबर दाराकडे बघत राहिला.