फोटोत नसलेले मोठे काका

मनोरीहून बोरिवलीला घरी पोचलो, तरी दुपारचं डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेय.

रिसॉर्टवर आमचं सगळं खानदान जमलं होतं, आजेसासूबाईंपासून माझ्या तीन वर्षांच्या राहीपर्यंत. आज दुपारी निघताना पूलसमोर ग्रुप फोटो काढायचा ठरला. नवऱ्याचे मोठे काका मात्र समोर लांब खुर्चीत रुसून बसले होते. मनोरीला समुद्रकाठी येऊन जेवायला मासे सोडून पनीर दिलं म्हणून.

"काका, या ना."

"तुमचं चालू दे."

मला वाटलं, राही सासूबाईंकडे आहे. त्यांना वाटलं, माझ्याकडे. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसलो. तेवढ्यात काका उठून आमच्या पाठीमागे पूलकडे धावले आणि कपड्यांसकट पूलमध्ये उतरले.

राही ठीक आहे. काकांनी बाहेर काढली तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं होतं, खूप रडली, आता झोपलीय.

मघाशी तो फोटो फॅमिली ग्रुपवर आला. न आलेल्या मंडळींनी खाली "झकास" लिहिलंय. मी झूम केला. आम्ही सगळे हसतोय आणि आमच्या पाठीमागे, पूलच्या अगदी काठावर, राही पाण्यात वाकून बघतेय.

तुमच्याकडे ग्रुप फोटोच्या वेळी मुलांकडे कोण बघतं, खरं सांगा. आमच्याकडे कोणीच बघत नव्हतं. पनीरवरून रुसलेला एक माणूस सोडून.