दुसऱ्याच्या नावावरचं सिम

मला राग फार लवकर येतो. नवरा म्हणतो, आमच्या घरात गॅसपेक्षा तूच आधी पेटतेस. पण त्या दुपारी जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होते तेव्हा राग कुठल्या कुठे पळाला होता. नुसती भीती होती.

सुरतेत बमरोलीला शेठची इमारत आहे. खाली माग चालतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही बायका धागा कटिंगला बसायचो. भरतकाम करून आलेल्या साडीच्या मागे धागे लोंबत असतात, ते छोट्या कातरीने कापायचे आणि साडी घडी करून ठेवायची. हॉलला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी. आम्ही आत गेलो की मुकादम बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकायचा. बायका साड्या लंपास करतात, असं शेठचं म्हणणं. आम्ही जाता-येता पिशव्या उघडून दाखवायचो, तरीही कुलूप होतंच.

त्या दुपारी खाली कसली तरी मोटर जळली. जिन्यातून काळा, उग्र धूर वर यायला लागला. आम्ही जाळीशी धावलो, हाका मारल्या, पण खाली मागांचा खडखडाट इतका की आमचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल. मुकादम टेम्पोत माल भरायला पलीकडच्या गल्लीत गेला होता. एक बाई रडायला लागली, एकीला उलटी झाली. मी कातरीचं टोक कुलपात घालून फिरवत बसले, आणि ते टोक मोडलं. मग धूर आपोआप कमी झाला आणि मुकादम धापा टाकत वर आला. कोणाला काही झालं नाही. त्यामुळेच पुढे शेठ म्हणू शकला की काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ शेठसमोर उभी राहिले. जाळी उघडी ठेवा, हवं तर आमच्या पिशव्या दोनदा तपासा, म्हटलं. तो हसला. "बहनजी, आपको नहीं जमता तो घर बैठो." तोवर कोणीतरी बंद जाळीचा फोटो स्टेटसला टाकला होता आणि तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेला होता. हॉलमध्ये येऊन त्याने सगळ्यांना सुनावलं की मोबाइल कंपनीत त्याचा माणूस आहे, कोणाच्या फोनवर काय चालतं, कोण काय उघडतं, सगळं त्याला एका फोनवर कळतं. ही थाप होती की खरं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. बायका मात्र घाबरल्या आणि फोटो डिलीट झाला.

माझा नवरा त्याच इमारतीत खाली माग चालवायचा. माझं नाव बाहेर आलं असतं तर दोघांचं काम एकाच दिवशी गेलं असतं. "तू भानगडमा पडू नको," एवढंच तो मला म्हणाला होता, तेही जेवताना, ताटाकडे बघत. मी हो म्हटलं. सरकारी वेबसाइटवर कारखान्याची तक्रार करता येते, हे मला तेव्हा कळलेलं होतं. त्याला ते सांगितलं नाही.

आमच्याकडे कोणाकडेच वायफाय नाही. जे काही ते मोबाइलच्या डेटावर, म्हणजे जे उघडू ते कंपनीच्या टॉवरमधून जाणार. मी दिसेल तो व्हिडिओ बघून काढला. त्यातून एवढं समजलं की वेबसाइटवर आपण काय लिहितो ते बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण कुठल्या वेबसाइटवर गेलो ते कंपनीला दिसू शकतं. व्हीपीएन लावलं की तेही झाकलं जातं. कंपनीला फक्त दिसतं की ही बाई एका व्हीपीएनला जोडलेली आहे आणि इतका डेटा खर्च झाला. मला एवढंच हवं होतं. शेठचा माणूस खरंच कंपनीत असेल तर बसू दे म्हटलं डोळे फाडून.

पहिलं ॲप फुकटचं घेतलं. त्याने आल्या आल्या कॉन्टॅक्ट मागितले, मग मेसेज, मग फोटो. दारावर राखणदार ठेवावा आणि त्याने घरात शिरून डबे उघडावेत, तसला प्रकार. तो माझी राखण करून माझीच माहिती विकणार, हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही. काढून टाकलं. मग नीट वाचून, लोकांनी काय लिहिलंय ते बघून, पैसे भरायचं एक घेतलं. ते चालू केलं की फोनच्या वरच्या पट्टीत बारीकशी किल्ली दिसायची. मुकादमाच्या खिशात एक आणि माझ्या फोनमध्ये एक, असं मनात म्हणून मी स्वतःशीच हसले होते.

सुटीच्या दिवशी नवरा चहाला बाहेर गेला तेव्हा दार लोटून बसले. वेबसाइट उघडेना. वाटलं पकडले गेले. मग लक्षात आलं की व्हीपीएन मला परदेशातली दाखवत होतं आणि सरकारी साइट बाहेरच्यांना आत घेत नव्हती. देशांमधून भारत निवडला, आणि उघडली. नाव लिहायचं होतं तिथे 'एक कामगार' लिहिलं. इमारतीचा पत्ता, जाळी, कुलूप, धूर, सगळं लिहिलं. शेवटी ओटीपीसाठी मोबाइल नंबर मागितला. मी माझा नंबर टाकला. वर किल्ली दिसत होती, त्यामुळे मला वाटलं की सगळंच झाकलेलं आहे. ओटीपी आला, तोही भरला. वाट झाकली आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

पुढे दोन माणसं तपासणीला आली. त्या दिवशी जाळी सकाळपासून उघडी होती आणि शेठ त्यांना स्वतः सरबत देत होता. ती गेल्यावर कुलूप परत लागलं. तक्रारीचा कागद मात्र शेठकडे पोचला होता. कोणी पोचवला ते मला माहीत नाही. त्यावर नाव नव्हतं, पण नंबर होता.

हे मला मुकादमाकडून कळलं. दिवेलागणीच्या सुमाराला तो लिंबायतला आमच्या खोलीवर आला. नवरा अजून पाळीवरून यायचा होता. मुकादम माझ्या माहेरच्या गावचा, म्हणून मी त्याला दादा म्हणते, पण त्या जाळीपायी मी त्याला मनात आणि मैत्रिणींत काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला. चहाला नको म्हणाला.

"सेठनी माले एक नंबर दिन्हा," तो म्हणाला. "कोना शे ते शोध म्हने."

मी ओट्यावरचं पातेलं उगाच पुसायला घेतलं.

"तूच करी ना तक्रार? हाई सिम मना नाववर शे, बहीन. माले नंबर पाठ शे."

तेव्हा मला आठवलं. आम्ही सुरतेला नवीन आलो तेव्हा आधारवर गावचा पत्ता होता, भाड्याच्या खोलीचा कसलाच पुरावा नव्हता, आणि दुकानदार सिम देईना. मुकादमाने स्वतःचा आधार दाखवून मला सिम काढून दिलं. आमच्या गल्लीत असं खूप आहे. गॅस एकाच्या नावावर, लाइट दुसऱ्याच्या, सिम तिसऱ्याच्या. गावचा माणूस आहे म्हटल्यावर त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इतकी वर्षं मी त्या नंबरला माझा नंबर म्हणत होते. कंपनीच्या लेखी तिथे मी नव्हतेच, तो होता.

"सिम काढी दे," त्याने हात पुढे केला.

आता हा पुरावा शेठच्या टेबलावर जाणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. द्यायचं नाही म्हटलं तरी नाव त्याचं, नंबर त्याला पाठ. कानातल्याच्या टोकाने मी सिम बाहेर काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते रुमालात बांधलं.

"उद्या कामले ये," दारातून तो म्हणाला. "घर बठशी ते लोकेसले समजी जाई."

नवऱ्याला मी काही बोलले नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं आणि त्याने मुकाट्याने खाल्लं. सकाळी त्याच्या मागे स्कूटरवर बसून बमरोलीला जाताना वाटत होतं की आत्ताच सांगावं, त्याला निदान तयारी तरी करू द्यावी. सिग्नलला तो मागे वळून म्हणाला, आज गप्प कशी तू. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

हॉलमध्ये आम्ही कामाला बसलो, आणि थोड्याच वेळात शेठ वर आला. मागे मुकादम. शेठने जाळी उघडीच ठेवायला लावली आणि आम्हाला उभं केलं. सगळ्यांनी फोन हातात धरायचे, आवाज पूर्ण मोठा करायचा. तो म्हणाला, कोणी शहाणीने माझ्यावर तक्रार केली आहे, नंबर माझ्याकडे आहे, आता इथेच लावतो. शेजारच्या बाईने घाबरून फोन दोन्ही हातांत धरला, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं. माझ्या हातातल्या फोनमध्ये सिमच नव्हतं. शेठने नंबर दाबला आणि फोन कानाला न लावता समोर धरला.

रिंग वाजली. आमच्या ओळीत नाही, शेठच्या मागे. मुकादमाच्या शर्टाच्या खिशात.

शेठने वळून बघितलं. मुकादमाने सावकाश फोन बाहेर काढला, बघितला आणि बंद केला. "मेराच दूसरा नंबर है, शेठ," तो म्हणाला. "तक्रार मैंने किया. मेरी बहू भी इधरच बैठती है."

ती खरंच तिथे बसायची, खिडकीजवळ. मी तिला रोज बघत होते, आणि तिच्यावर कुलूप लावणारा तिचा सासरा आहे हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. शेठ त्याला गुजरातीत शिव्या द्यायला लागला. इतक्या वर्षांचं काम, विश्वास, मीठ, सगळं काढलं. मुकादम खाली मान घालून ऐकत होता. मी सुटले होते. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि खरं सांगते, मी राहिलेही. शेठने त्याची कॉलर धरली तोपर्यंत राहिले.

"शेठ, सोडो उनको," माझा आवाज मलाच मोठा वाटला. "नंबर उनके नाम पे है, पर फोन मेरा है. तक्रार मैंने लिखी."

बायका आपापल्या फोनकडे बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. शेठने आम्हा दोघांना खाली उतरायला सांगितलं. मुकादमाने किल्ली साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

जिन्यात तो माझ्यावर भडकला. "तुले बोलानी काय गरज व्हती? मी निपटी लेतू ना!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, मला विचारवलं नाही. त्या जाळीचं कुलूप पुढे काही दिवसांनी निघालं, असं त्याच्या सुनेने मला मग सांगितलं. पण त्या जिन्यात मला एकच दिसत होतं की आता तळमजल्यावर जायचं आहे आणि नवऱ्याला सांगायचं आहे.

मागांच्या खात्यात, त्या खडखडाटात, बोलून काही ऐकू येत नाही. तिथली माणसं हातांनी बोलतात, पाणी, तुटलेला धागा, जेवायची वेळ, सगळं हातांनी. नवरा ओळीच्या टोकाला होता. मला बघून त्याने भुवया उडवल्या, इथे कशी? मी वर बोट दाखवलं. मूठ फिरवून कुलूप दाखवलं. अंगठ्याने फोनवर लिहिल्यासारखं केलं, आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला. त्याने माझ्याकडे बघून बोट केलं, तू? मी मान हलवली. मग हात झटकून दाखवले, काम गेलं.

तो थोडा वेळ समोरच्या कापडाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता चिडेल. मग त्याने हात लांब करून बटण दाबलं आणि माग थांबला. तो पुढच्या मागाकडे गेला, तोही थांबवला, आणि त्याच्या पुढचाही. आपल्या वाट्याचे सगळे माग बंद करून त्याने खुंटीवरचा डबा काढला आणि माझ्याकडे यायला लागला.